घारीची धाकटी बहीण

आमची ताई कुणावरही विश्वास ठेवायची नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, स्वतःच्या नवऱ्यावर तर नाहीच नाही. भाऊजी बाजारातून उशिरा आले की उशीर का झाला हे ती सरळ विचारायची नाही. भाजी कुणाकडून घेतली, तिथे आणखी कोण उभं होतं, असं आडून आडून विचारत राहायची आणि दोन वाक्यांत भाऊजींची बोबडी वळायची. माणूस निव्वळ गर्दीमुळे उशिरा आलेला असायचा, पण तिच्यासमोर उभा राहिला की गुन्हेगार दिसायला लागायचा. फौजदार होती ती. ठाण्यात तिला घार म्हणायचे, अर्थात तिच्या माघारी. घरी आम्ही तोंडावर म्हणायचो.

ती गेली त्याला काही महिने झाले. परवा भाचीचा, म्हणजे ताईच्या मुलीचा, फोन आला. ठाण्यातल्या ओळख परेडच्या खोलीला आईचं नाव देणार आहेत म्हणाली, छोटासा कार्यक्रम आहे, घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलायचे आहेत. मी उभी राहिले तर नुसती रडेन, मावशी, तूच बोल.

मी म्हटलं, बघू. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, आता काय झालं? काय झालं म्हणे. त्याच खोलीत माझं वाटोळं झालं आणि त्याच खोलीबद्दल मी गोड गोड बोलायचं. आणि बोलणार तरी काय, जोवर मला एक गोष्ट कळत नाही तोवर? माझी सख्खी बहीण मरेपर्यंत मला चोर समजत होती का, एवढंच मला हवं होतं. हो किंवा नाही. हो असेल तर तिच्या फोटोला हारसुद्धा घालणार नाही, असं मी ह्यांना सांगून टाकलं. हे म्हणाले, बरं. लग्नाला इतकी वर्षं झाली की माणूस बरं म्हणायला शिकतो.

आता ओळख परेड म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं तिथे काळी काच असते, अंधार असतो. काही नसतं. एक साधी खोली, वर ट्यूबलाइट, आणि भिंतीशी ओळीनं उभ्या बायका. त्यातली एक आरोपी, बाकीच्या भरतीच्या. पोलिसांनी बाहेर थांबायचं, आत फक्त पंच. साक्षीदार येतो, ओळीसमोरून चालतो आणि जिला ओळखलं तिच्या खांद्यावर हात ठेवतो. भरतीच्या बायका आरोपीसारख्याच दिसायला हव्यात, तीच उंची, तोच बांधा, साधारण तेच वय. नाहीतर शेंबडं पोरही ओळखेल.

पुरुष मिळतात हो. रस्त्यावरून बोलावले, चहा पाजला की उभे राहतात. पण बाई कशाला चोरटीच्या शेजारी उभी राहायला येतेय? म्हणून ताईनं सगळ्या नात्यागोत्याला कामाला लावलं होतं. आमची काकू, ताईची नणंद, समोरची शिवणवाली, सगळ्या केव्हा ना केव्हा त्या ओळीत उभ्या राहून आल्या होत्या. असं करायचं नसतं, घरची माणसं घ्यायची नसतात, हे ताईला ठाऊक होतं, पण बायका मिळाल्या तर पाहिजेत ना. काकू तर वाट बघायची. तिला दुपारचं घरात करमायचं नाही, त्यामुळे भेटली की विचारायची, अगं, इतक्यात नाही का कुणी सापडलं?

माझी पाळी आली ती बांगड्यांच्या चोऱ्यांच्या वेळी. पांढरा कोट घातलेली एक बाई भरदुपारी दार वाजवायची. दवाखान्यातून आले म्हणायची. घरात म्हातारी एकटी आहे ना, हे आधी हेरून ठेवलेलं असायचं. रक्तदाब तपासायचा म्हणून हलक्या हातानं स्वतःच तिच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या उतरवायची, गोळी घ्यायला पाणी आणा म्हणायची, आणि आजी पाणी घेऊन येईपर्यंत बाई आणि बांगड्या दोन्ही गायब. शहरातल्या यच्चयावत म्हाताऱ्या दाराला कडी लावून बसायला लागल्या होत्या. शेवटी ताईनं एकीला पकडली. माल सापडला नाही, त्यामुळे सगळी भिस्त परेडवर.

आदल्या दिवशी जेवताना ताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, उद्या सकाळी मोकळी आहेस का, तू थेट त्या बाईसारखी दिसतेस. सख्खी बहीण चोरटीसारखी दिसते हे घास तोंडात असताना सांगायचं! पण मी गेले. मला कौतुक होतं तिचं, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून ती पुढे आणि मी तिच्या मागे, अशीच आमची वरात असायची.

ठाण्यात पोचले तेव्हा बाकावर एक आजी बसल्या होत्या. घसा कोरडा पडला होता त्यांचा, कुणाचं लक्ष नव्हतं. मी नळावरून पेला भरून आणला, त्यांचा हात थरथरत होता म्हणून पेल्याला हात लावून धरला. एवढंच. त्या कोण, कशाला आल्यात, मला काय माहीत? मग मला आत नेलं. त्या आरोपीच्या हनुवटीवर मस होता, म्हणून आम्हा सगळ्यांच्या हनुवटीवर औषधाची चिकटपट्टी लावली, सगळ्यांच्या एकाच जागी. हजामत करताना कापून घेतल्यासारख्या दिसत होतो. आरोपीला हवी ती जागा निवडता येते; ती येऊन नेमकी माझ्या शेजारी उभी राहिली.

दार उघडलं आणि त्याच आजी आत आल्या. ओळीसमोरून चालल्या, आरोपीसमोर क्षणभरही थांबल्या नाहीत, माझ्यापुढे आल्या आणि खांद्यावर हात ठेवला. मग माझा हात हातात घेतला. "हीच," म्हणाल्या. "हेच ते गार हात."

मला हसू फुटलं. खरंच सांगते, मी हसले. माझे हात जन्मापासूनच गार, त्याला कोण काय करणार? पंचांनी लिहून घेतलं की साक्षीदाराला ओळख पटवता आली नाही. कायद्याच्या दृष्टीनं भरतीच्या बाईला ओळखणं म्हणजे कुणालाच न ओळखणं. ती बाई सुटली. पण आजींना बाहेर न्यायला दार उघडलं तेव्हा दारात ताई उभी होती, शेजारी तिची हवालदारीण. दोघींनी सगळं ऐकलं होतं आणि दोघींपैकी कुणीही हसत नव्हतं.

दुपारी ताईच्या घरी गेल्यावर मी तिला म्हटलं, अगं, सकाळी बाकावर मीच त्यांना पाणी दिलं, चेहरा तेव्हा पाहिला त्यांनी, हातही तेव्हाच लागला, म्हातारं माणूस, झाला घोटाळा. ताई बुटाची नाडी सोडत होती. वर न बघता म्हणाली, "हे तुला विचारलं कुणी?" आणि आत निघून गेली. मला वाटलं, आरोपी सुटली, वरून साक्षीदार आणि भरतीची बाई आधीच समोरासमोर आल्या हा तिच्याच कारभारातला गोंधळ, म्हणून बाईसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 

पण त्या दिवसापासून ताई बदलली. उघड काही नाही. मी तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे कामाला होते, दवाखाना दुपारी बंद असायचा, मी घरी येऊन पडायचे. घरात दुसरं कुणी नसायचं. एरवी कधी माझ्या नोकरीची चौकशी न करणारी ताई अचानक विचारायला लागली. तुमचा तो पांढरा कोट तू घरी आणतेस का धुवायला? दुपारी झोप लागते का तुला? मध्येच महिना दोन महिने काही नाही, आणि मग एखाद्या लग्नाच्या गडबडीत, हातात ताट असताना, तू तेव्हा चालत यायचीस की बसनं? मी उत्तरं देत गेले. खरीच उत्तरं देत होते, तरी माझी मलाच ती खोटी वाटायला लागली. तिच्यासमोर भाऊजींचं का तसं व्हायचं ते मला तेव्हा कळलं.

आई ताईकडे अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट तर मी जन्मात विसरणार नाही. मी तिला अंघोळ घालायला जायचे. एकदा बाही सरकवली तर आईच्या हातात बांगडी नव्हती. विचारलं तर ताई दारातून म्हणाली, मी काढून ठेवलीय, सैल झाली होती. पुढे एकदा मी ठरलेला दिवस सोडून, न सांगता गेले, तर बांगडी हातात होती. घट्ट. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी ताईला न्हाणीघराच्या दारातच अडवलं.

"ताई, तुला माझ्यावर संशय आहे का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. पोलिसांची एक नजर असते, राग नसतो तिच्यात, नुसती वाट बघत असते.

"तू का विचारतेस?" ती म्हणाली.

 मी रडले, भांडले, वर्षभर तिच्याकडे पाऊल टाकलं नाही. मग आई गेली आणि पुन्हा येणंजाणं सुरू झालं, बहिणी बहिणी शेवटी, तोडून किती तोडणार. पण तो विषय कुणी काढला नाही. ताईनं तर त्याआधीच तपासाचं काम सोडलं होतं. एवढी नावाजलेली बाई, बढती दारात उभी, आणि हिनं अर्ज करून जुन्या फायलींच्या खोलीत बदली मागून घेतली. गुडघे दुखतात म्हणाली. निवृत्त होईपर्यंत तिथेच धूळ खात बसली.

शेवटी दवाखान्यात मी तिच्यापाशी होते. भाची औषधं आणायला गेली होती. ताईनं डोळे उघडले, माझा हात धरला आणि म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?" मी म्हटलं, काय सांगू? तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "बरं, राहू दे." आणि कूस बदलली. दुसऱ्या दिवशी ती गेली. मला एवढं रडू आलं, आणि रडतानाही मनात हेच, की बये, मरता मरतासुद्धा माझा जबाब घेत होतीस का गं?

तर अशी मी त्या कार्यक्रमाला गेले. बोलायचं की नाही ते ठरवलं नव्हतं. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, दारावर नव्या रंगात ताईचं नाव, त्याच्यावर पडदा. रंगाचा वास येत होता. चहा चालला होता आणि चहापाशी ती हवालदारीण भेटली, तीच त्या दिवशी दारात उभी असलेली. आता निवृत्त. तिला सगळे शिट्टीबाई म्हणतात, कारण पुढच्या दातांत फट आहे आणि स म्हटलं की शीळ वाजते. आमच्या डॉक्टरांकडे या, बुजवून देतील, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. चोर पळताना मला वेगळी शिट्टी लागत नाही, हे तिचं उत्तर ठरलेलं.

ताईच्या आठवणी काढून ती डोळे पुसत होती. मनापासून पुसत होती. मी तिला बाजूला, सायकली लावतात तिथे नेलं आणि म्हटलं, शिट्टीबाई, तुम्ही तिच्या सावलीसारख्या होतात. मला एकच सांगा. ती माझ्याबद्दल काही बोलली होती का? त्या परेडनंतर?

शिट्टीबाईनं आधी इकडेतिकडे पाहिलं. मॅडमनी शपथ घातली होती म्हणाली. मग म्हणाली, पण आता मॅडमच राहिल्या नाहीत. आणि तिनं सांगितलं. त्याच संध्याकाळी ताई ठाण्यात परत आली होती. टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ बसली. तिनं सगळं जुळवून पाहिलं होतं. उंची, बांधा, पांढरा कोट, बंद दवाखान्याच्या दुपारी, गार हात. वर मी स्वतःहून, कुणी न विचारता, तयार उत्तर घेऊन आले होते. खरं बोलणारा माणूस अडखळतो, हे मॅडमच आम्हाला शिकवायच्या, शिट्टीबाई म्हणाली.

"आणि त्या परेडनंतर शहरात तशी एकही चोरी झाली नाही," ती हळूच म्हणाली. "एकही नाही."

"ती बाई सुटली आणि गाव सोडून गेली असेल!"

"असेल की," शिट्टीबाई म्हणाली.

 मी सायकलीचा दांडा धरला. मग ताईनं काय केलं, मी विचारलं. त्यांनी काही केलं नाही, शिट्टीबाई म्हणाली, तेच तर. म्हणाल्या, माझ्या बहिणीला मी बेड्या घालणार नाही. पण तिला सोडून दिल्यावर दुसऱ्या कुणाला पकडायचा मला हक्क नाही. दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. गुडघ्याला काय धाड भरली होती त्यांच्या? शेवटपर्यंत घोड्यासारख्या चालायच्या.

 मला हो किंवा नाही हवं होतं, आणि हो असेल तर काय करायचं तेही मी ठरवून आले होते. पण हे असलं हो? माझ्यासाठी तिनं जीव की प्राण असलेलं काम टाकलं होतं, आणि तेही मी न केलेल्या चोरीसाठी. मला तिचा राग आला, आणि तेवढीच मायाही आली. वेडी कुठली. एवढी मोठी फौजदार, एकदा घरी येऊन माझी पेटी उचकटून बघायचीस. माझ्या श्रीमुखात भडकवायचीस. पण विचारायचंस तरी धड.

"शिट्टीबाई," मी म्हटलं, "मी नव्हते हो ती. खरंच नव्हते. त्या आजींना मी सकाळी पाणी..."

आणि मी थांबले. कारण तिच्या डोळ्यांत तीच नजर आली होती, ताईची. राग नाही, काही नाही. तिनं माझ्या दंडावर थोपटलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आता कोण विचारतंय."

तेवढ्यात खुर्च्यांवर बसायला बोलावलं. बडे साहेब बोलायला उठले. ते ताईच्या हाताखाली शिकलेले. म्हणाले, ही खोली त्यांचीच, कारण ओळखायचं कसं हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. किती अधिकारी पाहिले, प्रत्येकाची केव्हा तरी चूक झाली. ह्या एका बाईची नजर आयुष्यात चुकली नाही. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, त्यांच्या धाकट्या भगिनी आल्या आहेत, त्यांना घरातून जास्त माहीत, त्यांनीच सांगावं.

भाचीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ती आधीच रडत होती. मी उठले आणि त्या बोलायच्या जागेपाशी जाऊन उभी राहिले. समोर सगळं ठाणं बसलेलं. मला म्हणता आलं असतं, साहेब, एकदा चुकली, आणि ती चूक मी आहे. ओरडून सांगावंसं वाटत होतं, इतकी वर्षं घशात अडकलेलं. पण मग पुढचं सांगावं लागलं असतं. कुणाबद्दल चुकली, संशय आल्यावर फौजदारीणबाईंनी काय केलं, कुणाला पाठीशी घातलं. पडदा उघडण्याआधी ते नाव खरवडून काढलं असतं त्यांनी. आणि भाची तिथेच बसलेली, नाक पुसत, माझ्याकडे आशेनं बघत.

तिसऱ्या ओळीत शिट्टीबाई बसली होती. ती जराही हलत नव्हती.

मी म्हटलं, "साहेब म्हणाले ते खरं आहे. माझी बहीण कधीच चुकली नाही." मी वाक्य पुरं केलं. "एकदाही नाही."

 शिट्टीबाईनं माझ्याकडे बघत सावकाश मान हलवली, आरोपीनं कबुली दिल्यावर पोलीस हलवतात तशी, समाधानानं. आणि सगळ्यांत आधी तिनंच टाळ्या वाजवल्या.